तिरपे ऊन आणि कातळावरची चित्रे

दगडावर उथळ कोरलेले एखादे चित्र भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही आणि तेच संध्याकाळी ठळक उठून दिसते. असे का होते? चित्र तेच, दगड तोच, पाहणारा तोच. बदललेला असतो तो फक्त उन्हाचा कोन. विद्यार्थी मित्रांनो, या एका गोष्टीच्या आधाराने आज आपण एक सहल आखणार आहोत. सहल आहे आमच्या आचऱ्याच्या आसपासची, आणि बरोबर न्यायचे आहे ते एक कॅमेरा, एक काठी, एक आरसा आणि थोडीशी त्रिकोणमिती. कॅमेरा भारी नको. घरातल्या कोणाचा मोबाइल असेल तरी पुरे.

प्रकाशाच्या कोनाचे महत्त्व पटावे म्हणून आधी परदेशातले एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमधील स्टोनहेंज हे प्रचंड शिळांचे वर्तुळ तुम्ही चित्रात पाहिले असेल. शेकडो वर्षे हजारो लोक ते पाहून गेले, अनेकांनी त्याची चित्रे काढली, छायाचित्रे घेतली. १९५३ सालच्या जुलै महिन्यात रिचर्ड अॅटकिन्सन हे पुरातत्त्वज्ञ तेथील ५३ क्रमांकाच्या शिळेवर कोणीतरी सतराव्या शतकात कोरलेल्या नावाचे छायाचित्र घेणार होते. अक्षरे नीट उठावीत म्हणून ते दुपार उलटून ऊन शिळेवर तिरपे येईपर्यंत थांबले. मग कॅमेऱ्यातून पाहतात तो काय, त्या नावाच्या खाली एका खंजिराची आकृती आणि शेजारी कुऱ्हाडींच्या पात्यांच्या आकृती! त्या कांस्ययुगातल्या होत्या. इतकी वर्षे त्या उघड्यावरच होत्या, पण त्यांच्याकडे योग्य वेळी कोणी पाहिले नव्हते. पुढे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या लेसर पाहणीत त्या वर्तुळाच्या शिळांवर आणखी कित्येक कुऱ्हाडी सापडल्या.

आता आपल्याकडे वळू. कोकणात डोंगरमाथ्यावरच्या सपाट, जांभ्या दगडाच्या पठाराला सडा म्हणतात, हे तुम्हांला माहीत आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या अशा सड्यांवर माणसांच्या, प्राण्यांच्या, माशांच्या आणि अर्थ न लागणाऱ्या भौमितिक आकृती कोरलेल्या आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे सडे पालथे घालून यातली बरीच शिल्पे उजेडात आणली. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांच्या नऊ स्थळांचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यात, एक गोव्यात आणि एक आमच्या मालवण तालुक्यात, कुडोपी येथे आहे. कुडोपीच्या सड्यावर साठांहून अधिक आकृती आहेत. सतीश लळीत यांनी २०१२ साली त्या अभ्यासकांपुढे आणल्या. गावकऱ्यांना मात्र ही जागा पूर्वीपासून ठाऊक होती. तिला ते बाहुल्यांचे टेंब म्हणतात, आणि मला हे नाव 'कातळशिल्प' या शब्दापेक्षा जास्त आवडते.

ही शिल्पे किती जुनी? दगडावर ओढलेल्या रेषेचे वय थेट मोजणे फार कठीण आहे. किरणोत्सारी कार्बनची पद्धत लाकूड, कोळसा, हाड अशा एकेकाळच्या सजीव वस्तूंना लागू पडते, आणि कोरीव रेषेत तसे काहीच उरलेले नसते. म्हणून चित्रातले प्राणी, परिसरात मिळणारी दगडी हत्यारे यांवरून अंदाज बांधतात. हे अंदाज काही हजार वर्षांपासून दहा हजार वर्षांच्याही पलीकडे जातात. वाद मिटेपर्यंत शिल्पे जशी आहेत तशी टिकणे आणि त्यांची नीट नोंद होणे महत्त्वाचे. कारण याच जांभ्याचे चिरे घरे बांधायला लागतात. चिरेखाण, रस्ता किंवा कलमांसाठी सड्यावर टाकलेला मातीचा भराव यांत एखादे शिल्प गेले, तर मागे राहते ते फक्त छायाचित्र. ते जर भर दुपारी काढलेले, सपाट आणि मापाशिवाय असेल, तर त्याचा उपयोग काय?

आता गणित. समजा, एका रेषेची खोली ३ सेंटिमीटर आणि रुंदी ४ सेंटिमीटर आहे. ऊन रेषेला काटकोनात येत आहे. सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर असेल त्या कोनाला उन्नतांश म्हणतात. खाचेच्या कडेची सावली खाचेच्या तळावर पडेल. तिची लांबी अशी:

सावली = खोली ÷ टॅन (उन्नतांश)

उन्नतांश ४५ असेल तर टॅनची किंमत १, म्हणजे सावली ३ सेंटिमीटर. सूर्य याहून वर गेला की सावली आखडते, खाली आला की पसरते. सावली ४ सेंटिमीटर झाली की सगळी खाच काळी भरते. त्यासाठी टॅनची किंमत पाऊण हवी, म्हणजे उन्नतांश सुमारे ३७ अंश. आपण चित्र 'पाहतो' म्हणजे खरोखर ही काळी भरलेली खाच पाहतो.

उलट टोक पाहा. आचऱ्याचा अक्षांश सुमारे १६.२ अंश उत्तर आहे. ५ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उन्नतांश ९० आणि सावली शून्य. त्या दिवशी दुपारी सड्यावर गेलात तर तळपणारा कातळ तेवढा दिसेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेरही सूर्य असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा आमच्याकडे बहुधा ढगच असतात.

तेव्हा सहल नाताळच्या सुट्टीत न्यावी हे बरे. २५ डिसेंबरसाठी मी आकडे काढून ठेवले आहेत. पण त्याआधी घड्याळाची एक गोष्ट ध्यानात घ्या. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि आचरा सुमारे ७३.५ अंशांवर आहे. फरक ९ अंशांचा. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून आपला सूर्य घड्याळापेक्षा ३६ मिनिटे मागे चालतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे वर्षभरात यात आणखी काही मिनिटांची भर किंवा घट होते, पण २५ डिसेंबरला ती जवळजवळ शून्य असते. म्हणजे त्या दिवशी आचऱ्याचे खरे मध्यान्ह १२ वाजून ३६ मिनिटांनी होते. सूर्योदय सुमारे ७ वाजता होतो. पुढील तक्त्यात ३ सेंटिमीटर खोल कडेची, उन्हाच्या दिशेने मोजलेली सावली दिली आहे.

सकाळी ७.३० — उन्नतांश ५.५ अंश — सावली ३१ सें.मी.
८.०० — १२ अंश — १४ सें.मी.
८.३० — १८ अंश — ९ सें.मी.
९.०० — २४ अंश — ७ सें.मी.
१०.०० — ३५ अंश — ४ सें.मी.
११.०० — ४४ अंश — ३ सें.मी.
१२.३६ — ५०.५ अंश — २.५ सें.मी.

तक्ता पाहून तुम्ही म्हणाल, मग साडेसातलाच छायाचित्र घेऊ या की! येथे थोडे थांबा. जांभा हा काही गुळगुळीत संगमरवर नव्हे. तो खडबडीत, छिद्राछिद्रांचा दगड आहे. साडेसातला १ सेंटिमीटर उंचीचा साधा खडबडीतपणाही १० सेंटिमीटर लांब सावली टाकतो. सगळा सडा सावल्यांनी भरून जातो आणि त्या गर्दीत कोरलेली रेषा हरवते. आणखीही एक कारण आहे. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड धूसर होते. सूर्य साडेपाच अंशांवर असताना आपल्या ३१ सेंटिमीटर सावलीची कड सुमारे ३ सेंटिमीटर धूसर असते. तोच सूर्य १८ अंशांवर असला की धूसरपणा ३ मिलिमीटरच उरतो. म्हणून फार खालचा सूर्य नको, फार वरचाही नको. अनुभवाने मला साधारण ११ ते २६ अंशांची पट्टी चांगली वाटते.

हे कोन मोजायला उपकरण लागत नाही. १ मीटरची काठी सरळ उभी धरा आणि सपाट जागेवर तिची सावली मोजा. सावली काठीच्या पाचपट असेल तर उन्नतांश सुमारे ११, दुप्पट असेल तर सुमारे २६.५. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: काठीची सावली काठीच्या दुपटीहून मोठी आणि पाचपटीहून लहान असेल तोवर छायाचित्रे घ्या. २५ डिसेंबरला ही वेळ सकाळी ८ ते सव्वानऊ आणि दुपारी ४ ते सव्वापाच अशी येते. सूर्याकडे मात्र कॅमेऱ्यातून किंवा नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहू नका. काम सावलीने होते.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे हौशी छायाचित्रकारांचे हमखास दुर्लक्ष होते. वर आपण ऊन रेषेला काटकोनात येते असे धरले. ते रेषेच्या दिशेनेच आले तर? खाचेत एका टोकाकडून ऊन शिरेल, तळ उजळून निघेल आणि सावली पडणारच नाही. सूर्य कितीही खाली असो, ती रेषा गायब! ऊन आणि रेषा यांच्यामधला कोन जेवढा, त्याच्या साइनने सावलीची रुंदी गुणावी लागते. कोन ३० अंश असेल तर रुंदी निम्मी होते.

मार्च महिन्यात, विषुवदिनाच्या सुमारास सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. म्हणजे सकाळचे आणि संध्याकाळचे ऊन जवळपास एकाच रेषेत येते. माणसाच्या आकृतीचे हात पूर्व-पश्चिम पसरलेले असतील, तर तुम्ही सकाळी जा की संध्याकाळी, ते नीट दिसणार नाहीत. डिसेंबरात गोष्ट वेगळी आहे. २५ डिसेंबरला सकाळी ८ वाजता सूर्य पूर्वेच्या २९ अंश दक्षिणेकडे असतो आणि संध्याकाळी तितक्याच उन्नतांशाला पश्चिमेच्या २९ अंश दक्षिणेकडे. दोन्ही वेळच्या उन्हाच्या दिशा एकमेकींना ५८ अंशांत छेदतात. कागदावर आकृती काढून पाहा. कोणतीही रेषा घ्या, दोहोंपैकी एका वेळी तरी ऊन तिच्याशी किमान २९ अंशांचा कोन करतेच. म्हणजे सर्वांत अडचणीच्या, पूर्व-पश्चिम रेषेलाही जवळजवळ निम्मी सावली मिळते: १४ सेंटिमीटरची निम्मी म्हणजे ७, आणि आपल्याला हव्यात फक्त ४. एवढ्यासाठी एकाच शिल्पाची सकाळची आणि संध्याकाळची अशी दोन छायाचित्रे त्याच जागेवरून घ्यायची. एकात न दिसलेले दुसऱ्यात सापडते.

आता तुम्हांला सोपा उपाय सुचला असेल. एवढी खटपट कशाला, खाचांत खडूची पूड भरली की झाले! काही ठिकाणी लोकांनी खडू, चुना, इतकेच काय तैलरंगही भरलेले आहेत. हे अजिबात करू नका. पूड जांभ्याच्या छिद्रांत जाऊन बसते आणि ती काढायला घासावे लागते. घासताना जी वरची काळपट साय जाते, तिच्यातच रेषेच्या जुनेपणाची खूण असते. आणि दुसरा तोटा विज्ञानाच्या दृष्टीने याहून मोठा आहे. खडू भरणारा माणूस त्याला जी रेषा वाटते ती भरतो. नैसर्गिक भेगेला तो शेपटी समजतो, झिजलेला पाय सोडून देतो. मग छायाचित्रात येते ते शिल्प नव्हे, त्या माणसाचे मत. ऊन कोणाचे मत विचारत नाही.

सकाळची वेळ चुकली, सड्यावर पोहोचायला अकरा वाजले, तर काय करावे? येथे आरसा कामाला येतो. एका लहान आकृतीवर दोघातिघांनी चादर धरून सावली करा. तिसऱ्या-चौथ्याने चादरीबाहेर, उन्हात, आकृतीच्या उत्तरेला २ मीटरवर आरसा धरावा. आरशाची उंची जमिनीपासून ३५ सेंटिमीटर ठेवली तर कवडसा आकृतीवर सुमारे १० अंशांनी तिरपा येईल, कारण ३५ भागिले २०० म्हणजे ०.१७५, आणि टॅन १० अंश ०.१७६ आहे. आरसा किती कलवावा? दुपारी सूर्य ५० अंशांवर दक्षिणेला आहे आणि किरण १० अंशांनी खाली, पुन्हा दक्षिणेकडे पाठवायचा आहे. परावर्तनाच्या नियमाने आरशाचा लंब या दोन दिशांच्या बरोबर मध्ये येतो. हिशेब केला तर आरसा उभ्या स्थितीपासून २० अंश मागे कलता हवा. हा हिशेब स्वतः करून पाहा, उत्तर दिले आहे म्हणून सोडू नका. गंमत अशी की आरसा घेऊन आकृतीभोवती थोडे सरकता येते, म्हणजे हव्या त्या दिशेने 'सूर्योदय' घडवता येतो. आरसा घेतलेल्याने कवडसा कोणाच्या डोळ्यांवर मारू नये, हे सांगायला हवेच. शाळेच्या सहलीत हा मोह सर्वांना होतो.

छायाचित्र घ्यायचे कोठून? जमिनीवर उभे राहून घेतले तर आकृती चेपते. हे समजण्यासाठी एक वर्तुळ घेऊ. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. मोठमोठ्या धोंड्यांची कडी, आणि आत दगडगोट्यांखाली पुरलेले अवशेष, अशी ती स्मारके. विदर्भातल्या मित्रांनी कुडोपीऐवजी तिकडेच सहल न्यावी. हिशेब तोच आहे. समजा, तुमच्या डोळ्यांची उंची दीड मीटर आहे आणि वर्तुळाचे केंद्र १५ मीटरवर आहे. तुमची नजर क्षितिजाखाली सुमारे ६ अंश जाते. वर्तुळ लंबवर्तुळ दिसते आणि त्याच्या रुंदीशी उंचीचे प्रमाण साइन ६ अंश, म्हणजे एक दशांश असते. ते वर्तुळ आहे हे न सांगता कोणाला कळणारही नाही. तेच ४ मीटर उंचीवरून, केंद्रापासून १० मीटरवर उभे राहून पाहिले तर प्रमाण ०.३७ होते. बरोबर वरून पाहिले तरच १. म्हणून कॅमेरा जितका वर नेता येईल तितका न्यावा. झाड सड्यावर मिळणार नाही. कळकाच्या काठीला मोबाइल घट्ट बांधून तो खाली तोंड करून धरता येतो आणि ठराविक सेकंदांनी आपोआप छायाचित्र घेण्याची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते.

एका छायाचित्रात किती जागा मावते, हे घरीच मोजून ठेवा. भिंतीपासून २ मीटरवर कॅमेरा धरून भिंतीचा किती भाग दिसतो ते मोजा आणि अंतराने भागा. समजा, रुंदीसाठी १.१ आणि उंचीसाठी ०.८ आले. मग काठीवर अडीच मीटर उंचीवरून २.७५ मीटर रुंद आणि २ मीटर उंच एवढी जागा मावेल. आकृती ६ मीटर लांब-रुंद असेल तर तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागेल. लागोपाठच्या तुकड्यांत ६० टक्के भाग सामाईक ठेवला, तर प्रत्येक ओळीत ४ आणि अशा ६ ओळी, म्हणजे २४ छायाचित्रे. ही सर्व दहा मिनिटांत उरका. तेवढ्या वेळात सूर्य सुमारे २ अंश सरकतो आणि सावल्या फारशा बदलत नाहीत. अशा सामाईक भागांच्या छायाचित्रांवरून संगणक शिल्पाची खोलीसुद्धा काढू शकतो. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळते, त्याच तत्त्वावर. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळी येथे हत्तीचे शिल्प सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. वरच्याच पद्धतीने त्याला किती छायाचित्रे लागतील, हा तुमच्यासाठी गृहपाठ.

प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी हवी. लाकडी पट्टीवर दर १० सेंटिमीटरला काळा-पांढरा रंग दिलात की झाले. उत्तर दिशेची खूणही हवी. होकायंत्र न्या, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जांभ्यात लोहाची संयुगे असतात. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे येथे शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, हे प्रसिद्धच आहे. त्यापेक्षा आपल्या शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली शंकूची रीत वापरा. शिल्पांपासून दूर, एका सपाट फळीवर ५० सेंटिमीटरची काडी सरळ उभी करा. काडीच्या बुंध्याभोवती ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. सकाळी सावली वर्तुळाबाहेर असते. ती आखडत साडेदहाच्या सुमारास वर्तुळाला टेकते, मध्यान्ही सुमारे ४१ सेंटिमीटर होते आणि पावणेतीनच्या थोडे आधी पुन्हा वर्तुळाला टेकते. टेकलेले दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिला लंब काढला की उत्तर-दक्षिण. फळी मात्र समतल हवी. पाण्याने काठोकाठ भरलेली ताटली तिच्यावर ठेवून ती तपासा. डिसेंबरअखेर सूर्याची क्रांती दिवसभरात नगण्य बदलते, म्हणून ही रीत त्या काळात विशेष अचूक उतरते.

कॅमेऱ्याबद्दल थोडेच. काळा कातळ पाहून कॅमेरा स्वतःहून चित्र जास्त उजळ करतो, म्हणून प्रकाश थोडा कमी करा. मोबाइलमध्ये सावलीतला भाग आपोआप उजळवण्याची जी सोय असते, ती बंद ठेवा. एरवी ती उपयोगी आहे, पण आपण इतक्या लांब आलो ते सावलीसाठीच. ढग आले तर वाट पाहा. ढगातून प्रकाश सर्व बाजूंनी सारखा येतो, मग सावली कसली?

बाकी सहलीची व्यवस्था. कणकवली स्थानकावर उतरून आचऱ्याला रस्त्याने येता येते, मालवणहूनही एस.टी. आहे. सडे बहुधा कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतात, तेव्हा गावात विचारूनच वर जावे. बरोबर वाट दाखवणारा माणूसही मग मिळतो. शिल्पांवर पाय देऊ नये. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, आणि गवतात साप असू शकतो. आणि हो, आचऱ्याची गावपळण! काही वर्षांच्या अंतराने श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. ती बहुधा थंडीतच येते. त्या दिवसांत गावात चहासुद्धा मिळायचा नाही, तेव्हा आधी चौकशी करा.

सकाळच्या आणि संध्याकाळच्या सत्रांमध्ये दुपारचे सहा-सात तास मोकळे राहतात. मसुऱ्याचा भरतगड जवळ आहे. गडनदीच्या पलीकडे त्याच्यासमोर भगवंतगड आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर मालवणचा सिंधुदुर्ग पाहावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. तेथे होडीने जायचे, म्हणून भरती-ओहोटीचा अंदाज हवा. आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जेवढे येईल त्या तासाच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हे ढोबळ आहे, पण त्यामागे चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो हे खगोलशास्त्र आहे. एका तिथीला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, पाहा किती जवळ! होडीवाल्याचा शब्द मात्र शेवटचा माना.

तटाच्या आणि देवळांच्या उभ्या भिंतींवरच्या कोरीवकामालाही सावलीचा हाच नियम लागू आहे. फक्त ऊन येथे भिंतीला घासून जायला हवे. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला ती वेळ मध्यान्हाच्या थोडे आधी येते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर डिसेंबरात थेट ऊन पडतच नाही. तिच्यासाठी एप्रिल-मेमधली सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी, किंवा आरसा आहेच.

निघण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग जरूर करा. शिक्षकांना त्यासाठी एकच तास पुरेल. शाडूच्या मातीची वीतभर पाटी थापून तिच्यावर ५ मिलिमीटर खोल अशी माणसाची आकृती कोरा. खोलीत अंधार करून विजेरी पाटीच्या चारी बाजूंनी, वेगवेगळ्या उंचीवरून धरा आणि दर वेळी छायाचित्र घ्या. मग त्यांतले एखादे छायाचित्र उलटे, म्हणजे डोके खाली पाय वर, धरून पाहा. कोरलेली आकृती एकदम उठावाची दिसू लागेल! आपला मेंदू प्रकाश वरूनच येतो असे धरून चालतो, कारण जन्मापासून सूर्य आणि दिवे वरच पाहिलेले असतात. उजेड चित्राच्या खालच्या बाजूने आला की खड्डा त्याला उंचवटा वाटतो. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून येते. नकाशाच्या सवयीने तुम्ही उत्तर वर ठेवून छायाचित्र छापले, तर पाहणाऱ्याला कुडोपीच्या बाहुल्या खोदलेल्या नव्हे, उठावाच्या वाटतील. तेव्हा ती दक्षिण वर ठेवून छापा आणि उत्तरेचा बाण खाली रोखलेला दाखवा.